लढाईतला एक तास

अण्णा, तुम्हाला जाऊन तेहतीस वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर रागावले आहे. रडून झालं, आठवणी काढून झाल्या, श्राद्धं झाली. राग तेवढा कुठेतरी शिल्लक होता, तो परवा दिवाळीनंतर सापडला. कारण सांगतेच, पण आधी बातमी सांगते, म्हणजे तुम्ही खुर्चीत नीट बसून ऐकाल. तुमची एकसष्ट वर्षांची मुलगी लग्न करायचं म्हणते आहे. गृहस्थ पिंपळगाव बसवंतचे, सहासष्ट वर्षांचे, विधुर. द्राक्षांच्या पॅकहाउसचे मॅनेजर होते, आणि निवृत्त होऊनही त्यांना तिथून कोणी घरी जाऊ देत नाही. त्यांनी मला विचारलं, मी "बघते" म्हणाले, आणि मधेच त्यांच्या थोरल्या बहिणीने माझी पत्रिका मागितली. एकसष्टाव्या वर्षी! एरवी मी दारातूनच वाटेला लावलं असतं. पण आई लहानपणी गेल्यामुळे त्यांना या बहिणीने वाढवलं आहे. ती नाही म्हणाली तर ते तिच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि माझ्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ आहे, हेही मला पक्कं ठाऊक होतं. तो मंगळ तिथे तुम्ही बसवला होतात, अण्णा. कसा, ते मला आत्ता कळलं.

तुम्ही मनमाड स्टेशनात तारबाबू होतात आणि आपलं सगळं घर त्या तारेवर चालायचं. मी आठ-नऊ वर्षांची आहे, नाशिकच्या शाळेतून सुट्टीला घरी आले आहे, आणि चारला दहा कमी असताना चहाची किटली घेऊन तारघरात शिरते. तुम्ही माझ्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवता. एरवी कडकट्ट करून डोकं उठवणारी ती यंत्रं एकामागून एक गप्प होतात, कारण चारच्या आधी सगळ्या लाइनवर सगळ्यांनी हात उचलायचा असा नियम आहे. तुमच्या डाव्या हातात खिशातलं घड्याळ, उजवा हात हवेत. मग एक ठोका येतो. इगतपुरीपासून भुसावळपर्यंत प्रत्येक स्टेशनात त्याच क्षणी तोच ठोका पडतो असं तुम्ही मला सांगितलेलं असतं, आणि माझ्या अंगावर काटा येतो. तुम्ही बाहेर जाता, फलाटावरचं मोठं घड्याळ बघता, लागलं तर अर्धं मिनिट सरकवता. गार्ड लोक आपापली घड्याळं घेऊन तुमच्यासमोर रांगेत उभे राहतात, देवळात तीर्थ घ्यायला राहावं तसे. "टाइम घेतला," असं म्हणून तुम्ही वहीत सही करता, आणि मग कुठे चहा पिता. तो तोवर गार झालेला असतो.

घरात मात्र आईचं वेगळं चालायचं. स्वयंपाकघराच्या दारातून येणारी उन्हाची पट्टी जात्याशी पोहोचली की ती भात टाकायची. तुम्ही म्हणायचात, "अगं, पावणेअकरा झाले." ती म्हणायची, "झाले असतील तुमच्या स्टेशनात." तुम्हाला ते विनोदी वाटायचं. मला नाशिकच्या कॉन्व्हेंटात ठेवल्यावर मलाही वाटायला लागलं.

भूगोलाच्या सिस्टरनी आम्हाला मैदानात काठी रोवून सावली मोजायला शिकवली होती. सगळ्यात आखूड सावली पडते ती खरी दुपार, आणि नाशिकला ती घड्याळातल्या बारानंतर बऱ्याच उशिरा येते, कारण आपला स्टँडर्ड टाइम ज्या रेषेवरून मोजतात ती रेषा पार अलाहाबादच्या बाजूला आहे. सूर्याला तिथून आपल्याकडे यायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. मनमाडचं गणित मी स्वतः केलं. बत्तीस मिनिटं. सुट्टीत घरी आले, क्वार्टरच्या अंगणात काठी रोवली, आणि भिंतीवरचं घड्याळ खरं करून टाकलं, म्हणजे बत्तीस मिनिटं मागे केलं. त्या दिवशी तुमची चुकता चुकता राहिलेली ड्यूटी मी विसरलेले नाही. संध्याकाळी तुम्ही हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. मला समोर बसवून म्हणालात, "वेळ ठरवायची नसते, वेळ घ्यायची असते. ज्याने त्याने आपल्या अंगणात काठी रोवली तर गाड्या एकमेकींवर चढतील." मग सांगितलंत की पूर्वी प्रत्येक गावाची आपापली वेळ होती, रेल्वे मद्रासच्या वेळेने धावायची, आणि सगळ्या देशाचा एक टाइम झाल्यावरही मुंबईवाल्यांनी हट्टाने आपली वेळ कित्येक वर्षं सोडली नव्हती. एकाच शहरात गाडीची वेळ निराळी आणि भोंग्याची निराळी. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. तुमचं म्हणणं मला इतकं पटलं की पुढची पन्नास वर्षं मी त्यावर शंका घेतली नाही. हीच माझी चूक.

माझा जन्म लढाईच्या दिवसांतला, आश्विनातला, दिवाळीला चार-पाच दिवस असतानाचा. तुम्ही त्या पहाटे रजा टाकून बाहेरच्या खोलीत दार लोटून, दिव्यापाशी घड्याळ हातात घेऊन उभे होतात. सुईणीने आतून हाक मारल्याबरोबर काटा पाहिलात आणि डायरीत लिहिलंत: सकाळी सहा वाजून एकतीस मिनिटं, रेल्वे टाइम. इतर बाप 'पहाटेच्या सुमारास' असं काहीतरी सांगतात. तुम्ही मिनिटाचा हिशेब कार्डावर लिहून नाशिकच्या ज्योतिषीबुवांना पाठवलात, आणि बुवाही तुमच्याच जातकुळीतले. त्यांनी मनमाडच्या सूर्याची बत्तीस मिनिटं बिनचूक वजा केली आणि तूळ लग्नाची पत्रिका मांडली. आठव्यात मंगळ. नवऱ्याच्या आयुष्यावर घाला, असा त्याचा अर्थ.

आई मात्र दर दिवाळीला फराळ करताना निराळंच सांगायची. "हिचा जन्म काळोखातला. दिवा जवळ धरा, दिसत नाही, असं सुईण म्हणत होती. उगवतीच्या खिडकीत शुक्राची चांदणी होती, चिंचेच्या शेंड्याच्या वीतभर वर, ही एवढी ठसठशीत." आणि तुम्ही बाहेरच्या खोलीतून हसायचात. "आश्विनात साडेसहाला ऊन पडतं. चांदणी कुठली? कळा देणाऱ्या बाईला दिवसाही तारे दिसतात." सगळे हसायचे. आत्या हसायची, शेजारच्या काकू हसायच्या, मीही हसायचे. आई झारा कढईवर आपटून म्हणायची, "दिसली म्हणजे दिसली," आणि पुढच्या चकल्या सोडायची. त्याच दिवाळीला, त्याच घरात, तुम्ही आपला दुसरा आवडता किस्सा सांगायचात: लढाईत वरून हुकूम आला आणि तुम्ही स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने स्टेशनचं घड्याळ एक तास पुढे केलंत, सगळ्या देशाने केलं, आणि लढाई संपल्यावर तसाच चढून मागे घेतलंत. दोन्ही गोष्टी मी इतक्या वेळा ऐकल्या की मला पाठ होत्या. तुम्हालाही पाठ होत्या. एक गोष्ट स्वयंपाकघरातली आणि एक बाहेरच्या खोलीतली, म्हणून असेल, त्या दोन कधी एकमेकींना भेटल्या नाहीत.

मग माझी स्थळं. तीन आली, तीन गेली. वकिलांच्या घरच्या त्या बाई आठवतात? माझ्या इंग्रजीचं कौतुक झालं, माझ्या पोह्यांचं झालं, आणि पत्रिका हातात घेतल्यावर त्या आईला म्हणाल्या, "मुलगी लाखात एक आहे हो, पण आमचाही एकुलता एक आहे." जणू मी त्याला वाटेत खाणार होते. त्यानंतर मी नाशिकला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले, आणि खोटं कशाला बोलू, मजेत राहिले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, साहेब लोकांनाही 'लाइन बिझी आहे' असं ठणकावून सांगायची मुभा. पुढे नव्वदच्या दशकात बोर्ड गेले, बटणं आली, मी चौकशीच्या टेबलावर बसले. गावातल्या निम्म्या आया मला फोन करून विचारायच्या, "बाई, अमेरिकेत आत्ता किती वाजले हो? पोरगा झोपला असेल का?" मी भिंतीवर एक तक्ता लावला होता. कुठल्या देशाचा किती फरक, आणि कुठले देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, ते लाल शाईने. सहकारी म्हणायच्या, जगाचा टाइम हिच्या टेबलावरून सुटतो. मला गुदगुल्या व्हायच्या. तुमचीच मुलगी.

त्या लाल शाईमुळेच हे गृहस्थ माझ्या आयुष्यात आले. निवृत्तीनंतर मी मंगळवारी आणि गुरुवारी एसटीने पिंपळगावला जाऊन पॅकहाउसमधल्या मुलींना इंग्रजी शिकवायला लागले होते. खोक्यावरचं लेबल वाचता यावं, फॅक्सचा अर्थ लागावा, एवढंच. मार्च संपत आला होता, हंगाम ऐन भरात. आत शीतगृहाची घरघर, बाहेर टेम्पोंची रांग, आणि हे गृहस्थ घामाघूम होऊन फोनवर आदळआपट करत होते. हॉलंडच्या व्यापाऱ्याने नऊच्या आत फोन करा म्हणून सांगितलं होतं, कारण नऊनंतर तो गोदीवर जायचा. त्याचा होकार आल्याशिवाय कंटेनर हलवता येत नव्हता. यांनी सव्वा वाजता फोन लावला, तिकडे पावणेनऊ, हिशेब चोख. आणि माणूस जागेवर नाही.

मी वर्गातून उठून गेले. "किती वाजलेत म्हणता तिकडे?"

"पावणेनऊ, मॅडम. साडेचार तास मागं. पाच वर्षं झाली, रोज फोन करतो मी."

"पावणेदहा वाजलेत. परवाच्या रविवारी त्यांनी घड्याळं तासभर पुढे केली. दर वर्षी करतात. पाच वर्षं रोज फोन करता आणि हे माहीत नाही?"

मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. ते मात्र हसले नाहीत, चिडलेही नाहीत. कागद पुढे केला आणि म्हणाले, "लिहून द्या. भिंतीवर लावतो." मला अशी माणसं आवडतात. मग दीड वर्ष आम्ही नुसते बोलत होतो. एसटी चुकली तर स्टँडवर, हंगाम नसेल तेव्हा त्यांच्या बागेत. गेल्या गणपतीत त्यांनी विचारलं. कसं, ते सांगते, कारण तुम्हाला आवडलं असतं. म्हणाले, "मॅडम, ती गेल्यापासून घरात मला कोणी रागावत नाही. फार शांत वाटतं. सहन होत नाही."

आणि दिवाळीत त्यांची बहीण चांदवडहून माझ्या दारात. पंच्याहत्तरीच्या आक्का, ताठ कण्याच्या, हातात पिशवीभर कांदे. बसल्याबरोबर मुद्द्यावर आल्या. "बाई, राग मानू नका. भाऊ माझा लय भोळा हाय. पहिली गेली तवा त्यानं सा म्हयने नीट जेवान केलं नाय. आता तुमच्या पत्रिकेत काय वंगाळ असलं, आन त्यालाच काय झालं, तर मी कोनाच्या तोंडाकडं बघू?"

"आक्का, सहासष्ट वर्षांच्या माणसाला मारायला ग्रह लागत नाहीत. त्यांची बिडी पुरेशी आहे."

आक्का खो खो हसल्या, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "त्ये खरंच हाय. तरी पत्रिका दाखवा." मला त्यांचा राग येईना. वकिलीणबाईंचा आला होता. या बाईच्या डोळ्यांत नुसती भीती होती, आणि तीही दुसऱ्यासाठी.

ट्रंकेतून पत्रिका काढली तर तिची कसरीने चाळण केलेली. मला खोटं काही करायचं नव्हतं, अण्णा. मंगळ आहे तर मंगळ, पण तो निदान स्वच्छ अक्षरांत असावा. म्हणून पंचवटीत एका दुकानात गेले. तिथे 'पाच मिनिटांत पत्रिका' अशी पाटी होती. कॉम्प्युटरवर एक पोरगी बसली होती, तुमची नात शोभेल एवढी, एका हाताने वडापाव खात होती. तिने गाव विचारलं, तारीख विचारली, वेळ विचारली. मग थांबली.

"मावशी, त्रेचाळीस सालच्या का तुम्ही? मग हा चौकोन येतो बघा. युद्धवेळ. टिक करू?"

"म्हणजे काय?"

"मला नाही माहीत. त्या दोन-तीन वर्षांतलं कोणी आलं की येतो. सर म्हणतात, विचारायचं, वेळ घड्याळातली आहे का मागे केलेली."

"घड्याळातली," मी म्हणाले. "रेल्वेच्या." आणि म्हणता म्हणता मला स्टुलावर चढलेले तुम्ही दिसलात.

"मग एक तास वजा," ती म्हणाली आणि टिचकी मारली. कागद करकरत बाहेर आला. सहा एकतीसचे पाच एकतीस झाले होते. तूळ लग्न जाऊन कन्या आलं होतं. मंगळ आठव्यातून उठून नवव्यात जाऊन बसला होता, गाडीत चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलेला माणूस उठतो तसा. "मंगळ नाही तुम्हाला," पोरीने सांगितलं, आणि वडापाव संपवला.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. गेलेल्या स्थळांचं मला काही वाटलं नाही. मला आई दिसत होती, हातात झारा घेतलेली. पाच एकतीसला आश्विनात काळोख असतो. दिवा जवळ धरावा लागतो. चिंचेवर चांदणी असते. ती अठ्ठावीस वर्षं तुम्हाला सांगत होती आणि तुम्ही अठ्ठावीस वर्षं हसत होतात. घड्याळ तुम्ही पुढे केलंत, तिने केलं नव्हतं. बत्तीस मिनिटांची बारीक वजाबाकी करणारे बुवा आणि अर्ध्या मिनिटासाठी फलाटावर धावणारे तुम्ही, दोघांच्या मधून अख्खा तास निसटला, आणि तो जिने पकडून ठेवला होता तिला तुम्ही वेडी ठरवलंत. तुमच्या मागून दहा वर्षांनी तीही गेली. तिला कोणी सांगितलं नाही, की बाई, तुझं बरोबर होतं. मी पायरीवर बसून मोठ्याने म्हणाले, "शाबास अण्णा." येणारे-जाणारे बघायला लागले.

आता हा नवा कागद दाखवायचा की नाही, यावर मी चार दिवस घालवले. जन्मभर पत्रिकेला थोतांड म्हणायचं आणि आपल्या सोयीचा कागद हाती आला की तो फडकवायचा, हे मला जमणार नव्हतं. पॅकहाउसच्या ऑफिसात मी त्यांना दोन्ही पत्रिका दाखवल्या. ते खूशच झाले. "मग झालं की! भानगड मिटली."

"भानगड? चाळीस वर्षं ती माझ्या कपाळावर होती. तुमची चार दिवसांत मिटली."

ते टेबलावरची कात्री उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं करू. नाय दाखवायची तर नाय. पण मी आक्काला फसवून लग्न करणार नाय, आन तिला रडवून बी नाय. एवढं सोडून काय पण सांगा." मला ते उत्तर आवडलं नाही, आणि आवडलंही. मी म्हणाले, चला चांदवडला, मीच बोलते.

आक्का अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांनी छापील कागद हात लांब करून धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि घडी घालून मला परत दिला. "काम्पुटरला जे सांगशील त्ये तो छापतो. त्याला काय ठावं?" त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या पाटीकडे वळल्या. संपलं, मला वाटलं. ते गृहस्थ जमिनीकडे बघत होते. मी पर्स उचलली. आणि मग माझा तोल गेला, अण्णा. मी म्हणाले, "कॉम्प्युटरला नसेल ठाऊक, पण माझ्या आईला ठाऊक होतं. ती जन्मभर सांगत होती काळोख होता म्हणून, चांदणी होती म्हणून. कोणी ऐकलं नाही तिचं. तुम्हीही नका ऐकू."

आक्कांचा हात थांबला. "चांदनी कुटं व्हती?"

"उगवतीच्या खिडकीत."

"किती वर?"

मी हात लांब करून दाखवला, आई दाखवायची तसा. "चिंचेच्या शेंड्याच्या वीतभर वर. सुईण दिवा जवळ धरा म्हणत होती."

"आन बाप काय म्हनत व्हता?"

"ऊन पडायची वेळ होती म्हणून. घड्याळात पाहून."

आक्कांनी हातातला कांदा खाली टाकला. "आसं कसं? आश्विनात चांदनी तशी लखलखती दिसती म्हंजी तांबडं बी फुटायचंय अजून. मी जलमभर त्या चांदनीवर उठून मोट धरायला गेले. आन बाई, बाळंतीन सगळं इसरंल, पर पोर झालं तवा खिडकीत काय व्हतं त्ये नाय इसरायची. माझी चार झाली. थोरल्याच्या वक्ताला वाड्यात म्हस हंबरत व्हती. मधलीला दारात ऊन, उंबऱ्याच्या अलीकडं बोटभर. विचार कवा बी." मग त्या भावाकडे वळल्या. "आरं, हिची आई सांगती त्ये खरं. घड्याळ बापाचं असंल, पोर आईनं काढली." आणि घरात तोंड करून सुनेला म्हणाल्या, "साखर आन गं."

अण्णा, आक्कांना घड्याळ वाचता येत नाही. एकसष्ट वर्षांनी आईचं खरं होतं असं पहिल्यांदा कोणी म्हणालं, आणि ते एका अशा बाईने म्हटलं जिने आईला पाहिलंही नव्हतं. मी तोंडात साखर घेऊन कांद्याच्या ढिगाजवळ उभी राहून रडले. सगळ्यांनी समजुतीने कांद्यांना दोष दिला.

आता थोडं तुमच्या बाजूचं. रागाच्या भरातही मी गाड्यांचं विसरलेले नाही. सगळ्यांची एक वेळ असावी हे तुमचं बरोबरच होतं. तिच्याशिवाय ना मनमाडचं जंक्शन चाललं असतं ना पिंपळगावचा कंटेनर. पण ती माणसांनी आपसांत ठरवलेली सोय होती, आणि हुकूम आल्यावर ती तासभर हललीही. तुम्ही स्वतः हलवलीत. तुम्ही तिला देवाच्या जागी बसवलंत आणि घरातल्या माणसाला साक्षीदारही मानलं नाहीत. आता या घरात तसं होणार नाही. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मी बजावलं आहे, की मी काही पाहिलं म्हणाले तर आधी खिडकीशी येऊन बघायचं आणि मग घड्याळ काढायचं. ते म्हणाले, "दोन्ही तुमच्याकडंच ठेवा." नोंदणी कार्यालयात नोटीस लागली आहे. पुढच्या महिन्यात, मंगळवारी. मंगळवार मी मुद्दाम मागून घेतला. छाटणी उरकली आहे, जानेवारीपर्यंत त्यांना सवड आहे. माझं घर मी सोडणार नाही, ते त्यांचं सोडणार नाहीत, एसटी दोघांचीही ओळखीची आहे. मला सकाळी जाग येते तेव्हा आपल्याला काहीतरी मिळणार आहे असं वाटतं, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी वाटायचं तसं. मला पहिला नंबर यायचा, आठवतं ना?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. लिहून झालं की ट्रंकेत जाईल, कसरीला. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी तुम्हाला ऐकवायची माझी हिंमत झाली नसती. तिसरं स्थळ मोडल्यानंतर महिनाभराने तुम्ही न कळवता एक्स्चेंजच्या फाटकाशी आला होतात. कडुनिंबाखाली उभे होतात, टोपी हातात. मी डबा खाऊन आवारात फेऱ्या मारत होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, तुझ्या त्या पत्रिकेचं मला एक बोलायचं होतं." मी तेव्हा त्या शब्दाने पेटून उठायचे. मी म्हणाले, "आता नको, अण्णा, दोन वाजले, माझी ड्यूटी सुरू झाली." तुम्ही लगेच "बरं, बरं, जा" म्हणालात, पेरूंची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि स्टेशनच्या वाटेला लागलात. तो विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. तुम्हाला तो तास सापडला होता की काय, हे मला आता कळायचं नाही.

दोन वाजायला तेव्हा अजून वीस मिनिटं होती.